पाहुण्याच्या हाती चावी देण्यापूर्वी

रायगड किनाऱ्यावर येणारे परदेशी पाहुणे : प्रवास, विमा आणि सुरक्षितता

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. माघ महिना होता. माझ्या एका व्यापारी मित्राकडे मुलीचे लग्न थाटात पार पडले. जावई युरोपात नोकरीला. त्याचे तीन परदेशी सहकारी खास या लग्नासाठी आले होते. त्यांना समुद्र दाखवावा म्हणून मित्राने त्यांची चार दिवसांची सोय अलिबागजवळच्या आपल्या बंगल्यावर केली. रखवालदाराला फोन केला, स्वयंपाकीण लावून दिली आणि बंगल्यावर पडून असलेली दुकानाच्या नावावरची स्कूटरही पाहुण्यांना वापरायला देण्यास सांगितले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चौलच्या बाजूने परतताना, नारळी-पोफळीच्या वाडीजवळच्या वळणावर त्यांपैकी एकाची स्कूटर रस्त्यावर पसरलेल्या रेतीवरून घसरली आणि समोरून येणाऱ्या एका सायकलस्वाराला धडकली. सायकलस्वार साठीच्या घरातला, भाजी विकून घरी निघालेला. त्याच्या मांडीचे हाड मोडले. पाहुण्याच्या गळपट्टीचे हाड मोडले आणि कपाळाला टाके पडले.

रात्री दहा वाजता मित्राचा मला फोन आला. मी निवृत्त असलो तरी 'बँकवाले' म्हणून कागदपत्रांच्या प्रत्येक अडचणीत आमच्या मंडळींना माझी आठवण होते. तो म्हणाला, "भाऊ, मी फक्त चावी दिली होती हो! यात माझा काय संबंध?"

त्याचा संबंध किती होता, हे पुढील दोन वर्षांत त्याला आणि त्याच्याबरोबर मलाही कळले. तो अनुभव आणि त्यानिमित्ताने जमवलेली माहिती वाचकांपुढे ठेवावी, हा या लेखाचा हेतू. आज आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबांची मुले परदेशात आहेत. लग्नकार्याला, सुट्टीला त्यांचे मित्र, भागीदार, सहकारी येतात. मुंबई-पुण्यातील अनेक व्यापारी घरांचे बंगले अलिबाग, किहीम, नागाव, काशीद, दिवेआगर या पट्ट्यात आहेत. काहींनी ते भाड्यानेही द्यायला सुरुवात केली आहे. म्हणजे यजमान आपणच, आणि जबाबदारीही आपलीच.

या किनाऱ्याला परदेशी पाहुणा नवा नाही

रायगडचा किनारा शतकानुशतके परदेशी माणसांना आश्रय देत आला आहे. बेने इस्राएली समाजाची परंपरागत कथा अशी, की त्यांचे पूर्वज ज्या गलबतातून येत होते, ते अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यानजीक फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. हीच माणसे पुढे तेलाच्या घाण्यावर उपजीविका करू लागली, शनिवारी घाणा बंद ठेवू लागली आणि म्हणून 'शनिवार तेली' म्हणवली गेली. आजही इस्राएलमधून अनेक जण आपल्या पूर्वजांची भूमी पाहण्यासाठी नवगावला आणि अलिबागच्या प्रार्थनामंदिरात येतात.

दुसरे उदाहरण व्यापाऱ्याचे आहे. रशियातील त्वेर नगराचा व्यापारी अफनासी निकितिन हा सुमारे १४६९ साली चौल बंदरात उतरला. वास्को द गामा कालिकतला पोहोचला १४९८ मध्ये. म्हणजे त्याच्या कितीतरी आधी. वाटेत व्होल्गा नदीवर निकितिनचा माल लुटला गेला होता. उरलेल्या पुंजीवर त्याने एक घोडा विकण्यासाठी बरोबर आणला होता. जुन्नरच्या खानाने तो घोडा हिरावून घेतला आणि धर्म बदललास तरच परत देईन, अशी अट घातली. शेवटी एका परिचित खुरासानी अधिकाऱ्याने मध्यस्थी केली आणि घोडा सुटला. रेवदंड्याला या व्यापाऱ्याचे स्मारक आहे. पाहुण्यांना तेथे अवश्य न्यावे. वाहन हिरावले गेलेले, नुकसानीला भरपाई नाही, ओळखीचा माणूस मध्ये पडला म्हणून सुटका झाली. परक्या मुलुखातील प्रवाशाच्या तीनही चिंता त्या एका प्रसंगात आहेत. साडेपाचशे वर्षांनी त्या चिंता संपलेल्या नाहीत. फक्त आता 'ओळखीच्या माणसा'ची जागा कागदांनी घेतली आहे.

समुद्रमार्ग : सोयीचा, पण नियमांचा

मुंबईहून अलिबागला जाण्याचा सर्वांत सुखाचा मार्ग आजही पाण्यावरूनच आहे. गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला प्रवासी बोटी सुटतात. सुमारे तासाभराचा प्रवास होतो आणि बहुतेक तिकिटांतच मांडव्याहून अलिबागपर्यंतच्या बसचे भाडे धरलेले असते. पावसाळ्यात या बोटी बंद असतात. २०२० सालापासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली असून तीत मोटारीसह जाता येते. ही मोठी बोट पावसाळ्यातही हवामान पाहून चालवली जाते. रस्त्याने पनवेल, पेण, वडखळ मार्गे सुमारे शंभर किलोमीटर अंतर पडते. जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूमुळे मुंबई ते उरण-पनवेल हा टप्पा पुष्कळ सोपा झाला. मात्र या सेतूवर दुचाकी आणि रिक्षांना बंदी आहे, हे पाहुण्यांना आधीच सांगावे.

समुद्राच्या प्रवासाचा विषय निघाला, की आमच्या पिढीला 'रामदास' आठवते. १७ जुलै १९४७, आषाढ अमावास्येचा दिवस. मुंबईहून रेवसकडे निघालेली ही बोट वादळी समुद्रात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. जे थोडे वाचले, त्यांतील अनेकांना कोळी बांधवांनी आपल्या होड्यांत ओढून घेतले. त्यानंतर पुष्कळ सुधारणा झाल्या, तरी धोका संपलेला नाही. १४ मार्च २०२० रोजी गेटवेहून येणारी एक प्रवासी बोट मांडव्याजवळ बुडू लागली. सागरी पोलिसांची गस्तीनौका वेळेवर पोहोचली म्हणून ८८ प्रवाशांचे प्राण वाचले. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या बोटीला नौदलाच्या चाचणी सुरू असलेल्या वेगवान नौकेची धडक बसली आणि १५ जणांचा मृत्यू झाला. घारापुरीची लेणी जागतिक वारसास्थळ असल्याने परदेशी पर्यटकांची तेथे रीघ असते, आणि ते बेट उरण तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यातच येते. या दुर्घटनेनंतर गेटवेहून सुटणाऱ्या बोटींवर जीवरक्षक जाकीट घालणे सक्तीचे करण्यात आले.

सक्ती झाली, पण आपल्याकडे जाकीट अंगावर चढवण्याऐवजी बसायला उशी म्हणून घेण्याची सवय जुनी आहे. परदेशी पाहुणा सभोवतालच्या लोकांकडे पाहून वागतो. आपण घातले तर तोही घालील. बोटीत गर्दी परवानगीहून अधिक दिसली तर ती बोट सोडावी आणि पुढची घ्यावी. त्यात अर्धा तास जाईल, एवढेच.

जंजिरा पाहायचा असेल, तर मुरूडजवळच्या राजपुरीहून शिडाच्या होडीने जावे लागते. पावसाळ्यात किल्ला बंद असतो. लाटांवर हेलकावणाऱ्या होडीतून दरवाजाच्या पायऱ्यांवर पाय ठेवताना वयस्क पाहुण्यांना जपावे. मुरूडहून दिवेआगर-श्रीवर्धनला जाण्यासाठी आगरदांडा ते दिघी ही 'जंगलजेटी' म्हणून ओळखली जाणारी फेरीबोट आहे. तीत मोटार चढवता येते आणि खाडीला घालावा लागणारा मोठा वळसा वाचतो.

भरती-ओहोटी : पंचांग घरातच आहे

किनाऱ्यावरच्या दुर्घटना बोटीपेक्षा भरती-ओहोटीच्या अज्ञानाने अधिक होतात. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. ती सारी आपल्याच राज्यातील तरुण मुले होती. मग ज्या परदेशी पाहुण्याला येथला समुद्र, येथली बोली आणि धोक्याची पाटी यांतले काहीच ठाऊक नाही, त्याला किती जपायला हवे! पोहण्यात तो तरबेज असेल, पण तलावातले पोहणे वेगळे आणि ओहोटीच्या ओढीतले वेगळे. काशीदची रेती पांढरी आणि मोहक आहे, परंतु तेथील पाण्याला ओढ आहे, हे गावचा कोणीही माणूस सांगेल.

आपल्या घरांत अष्टमी-चतुर्दशी पाळली जाते, त्यामुळे तिथी सर्वांना तोंडपाठ असते. कोळी बांधवांचा जुना हिशेब याच तिथीवर चालतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला दुपारी व मध्यरात्री बाराच्या आसपास भरती येते, आणि ती उधाणाची असते. दररोज ही वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते.

अलिबागचा कुलाबा किल्ला पाहण्यासाठी हा हिशेब फार उपयोगी आहे. ओहोटीला किल्ल्यापर्यंत चालत किंवा घोडागाडीने जाता येते. भरतीला तोच मार्ग पाण्याखाली जातो. पाहुणे छायाचित्रे काढण्यात रमतात, पाणी चढते आणि परत यायला होडी शोधावी लागते, तीही मिळाली तर. अष्टमीच्या आसपास साडेअकराला निघून दीडपर्यंत परतावे. पौर्णिमेच्या दिवशी भर दुपारी जाण्याचा विचारच करू नये. हा हिशेब ढोबळ आहे. प्रत्यक्ष जाण्यापूर्वी त्या दिवसाचे भरती-ओहोटीचे अधिकृत वेळापत्रक पाहावे आणि किनाऱ्यावरच्या स्थानिक माणसाला विचारावे. त्याचा शब्द अंतिम मानावा.

रस्ता, वाहन आणि परवाना

आता माझ्या मित्राच्या स्कूटरकडे वळू. पोलिसांनी पाहुण्याकडे परवाना मागितला. त्याने आपल्या देशाचा मोटार चालवण्याचा परवाना दाखवला. तो त्याच्या भाषेत होता, त्यावर दुचाकीचा वर्ग नव्हता आणि आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना त्याने काढलेलाच नव्हता. म्हणजे भारतीय कायद्याच्या दृष्टीने तो विनापरवाना चालक ठरला. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १८० नुसार विनापरवाना व्यक्तीला आपले वाहन चालवू देणारा मालकही दोषी असतो. त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. 'फक्त चावी दिली' या शब्दांचा कायद्याने लावलेला अर्थ हा असा आहे.

म्हणून नियम साधा ठेवावा. परदेशी पाहुण्याने येण्यापूर्वी आपल्या देशातून आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना काढून आणावा. त्यावर ज्या वर्गाचे वाहन चालवायचे आहे त्या वर्गाचा शिक्का असावा, आणि मूळ परवानाही जवळ असावा. हा नसेल तर वाहन देऊ नये. चालकासह टॅक्सी ठरवून द्यावी. आपल्याकडील वाहतूक, रस्त्यावर बसलेली गुरे, खड्डे आणि उलट दिशेने येणारी दुचाकी यांची सवय नसलेल्या माणसाला तेच हिताचे.

भाड्याच्या वाहनाची पाटी ओळखायला शिकावे. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे प्रवासी वाहतुकीची टॅक्सी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे म्हणजे स्वतः चालवण्यासाठी भाड्याने दिले जाणारे वाहन. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे खाजगी वाहन. किनाऱ्यावर पुष्कळ वेळा पांढऱ्या पाटीच्या दुचाकी सर्रास भाड्याने दिल्या जातात. भाडे स्वस्त असते, पण खाजगी वापराच्या पॉलिसीवर भाड्याचा व्यवहार झाल्याचे निघाले, की विमा कंपनीला दावा नाकारण्याचे कारण आयते मिळते. आपली खाजगी मोटारही पाहुण्यांना 'पेट्रोलचे तेवढे द्या' म्हणून भाड्यासारखी देऊ नये.

विमा : कोणता विमा कोणासाठी?

व्यापारी घराण्यांना विम्याची कल्पना नवी नाही. इंग्रजी विमा कंपन्या येण्याच्या कितीतरी आधी आपल्या पेढ्यांवर 'जोखमी हुंडी' चालत असे. गलबतात भरलेल्या मालावर ती काढली जाई. माल सुखरूप पोहोचला तरच हुंडीची रक्कम देय होई आणि गलबत बुडाले तर हुंडी घेणाऱ्याला ते नुकसान सोसावे लागे. ही जोखीम पत्करल्याबद्दल त्याला जास्त मोबदला मिळे. उधार आणि विमा एकाच कागदावर! त्या काळचा साधा मुनीमही 'कोणती जोखीम कोणाच्या डोक्यावर' हा प्रश्न आधी विचारत असे. तोच प्रश्न आपणही विचारला पाहिजे, कारण एकाच अपघातात तीन वेगवेगळ्या जोखमी असतात.

पहिली जोखीम रस्त्यावरच्या तिऱ्हाइताची. आमच्या प्रसंगात तो सायकलस्वार. प्रत्येक वाहनाला तृतीय पक्ष विमा कायद्याने सक्तीचा आहे. मृत्यू वा शारीरिक इजेच्या भरपाईला त्यात कमाल मर्यादा नाही. रक्कम मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवते. कायद्यानुसार हा दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करायचा असतो. परंतु चालक विनापरवाना असेल आणि मालकाने पुरेशी काळजी घेतली नसेल, तर? सर्वोच्च न्यायालयाने २००४ सालच्या स्वर्णसिंग प्रकरणात याचा खुलासा केला आहे. जखमी तिऱ्हाइताचे नुकसान होऊ नये म्हणून विमा कंपनीने आधी त्याला रक्कम द्यावी आणि नंतर ती वाहनमालकाकडून वसूल करावी, असा मार्ग त्यातून रूढ झाला. म्हणजे विम्याचा हप्ता भरलेला असूनही शेवटी पैसे मालकाच्या खिशातून जातात.

दुसरी जोखीम स्वतः चालकाची. स्कूटरच्या पॉलिसीतला तृतीय पक्ष विमा त्याला लागू होत नाही, कारण तो तिऱ्हाईत नव्हे. सक्तीचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, पण तो परवानाधारक मालक-चालकासाठी. पाहुण्याचा आधार म्हणजे त्याची प्रवास-विमा पॉलिसी. आमच्या पाहुण्याकडे ती होती. परंतु तिच्या बारीक अक्षरांत लिहिले होते, की दुचाकी चालवताना तिचा वैध परवाना नसेल तर दावा मिळणार नाही. तो नाकारला गेला. शस्त्रक्रियेचा सारा खर्च त्याने स्वतःच्या पैशांतून केला.

तिसरी जोखीम यजमानाची. बंगल्याच्या जलतरण तलावात, ओल्या जिन्यावर वा गच्चीवर पाहुण्याला इजा झाली, तर जबाबदार कोण? घराच्या साध्या विम्यात आग, भूकंप, चोरी येते. पाहुण्याच्या इजेची जबाबदारी त्यात आपोआप येईलच असे नाही. जे आपले बंगले भाड्याने देतात, त्यांनी सार्वजनिक दायित्वाचे संरक्षण वेगळे मागून घ्यावे. त्याच्या हप्त्यापेक्षा एका नोटिशीचा वकिली खर्च अधिक असतो.

येथे परदेशी पाहुण्याच्या बाबतीत एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. न्यायाधिकरण भरपाई ठरवताना जखमी वा मृत व्यक्तीचे उत्पन्न पाहते. परदेशात डॉलर-युरोमध्ये कमावणारा माणूस आपल्या वाहनाने जखमी झाला, तर तो हिशेब किती मोठा होईल, हे व्यापाऱ्यांना सांगायला नको. वाहनाचा विमा संपलेला असेल, तर एक अपघात पेढी हलवू शकतो. बँकेत असताना वाहनकर्जाच्या फायलींत विम्याची मुदत उलटलेली कागदपत्रे मी शेकड्याने पाहिली आहेत. 'पुढच्या महिन्यात भरू' हे त्या प्रत्येक फायलीचे उत्तर असे.

पाहुण्याने पॉलिसी घेताना चार गोष्टी पाहाव्यात. भारतातील रुग्णालयातील खर्च पुरेशा रकमेपर्यंत मिळतो का? गंभीर अवस्थेत मोठ्या शहरात अथवा मायदेशी हलवण्याचा खर्च मिळतो का? पूर्वीपासूनचे आजार धरले आहेत का? पॅरासेलिंग, जेट-स्की, बनाना बोट हे खेळ धरले आहेत का? शेवटचा प्रश्न नागाव, वरसोली, काशीद येथे फार महत्त्वाचा. अनेक पॉलिसींत हे साहसी खेळ म्हणून वगळलेले असतात किंवा त्यांसाठी जादा हप्ता लागतो. मद्यपान केलेल्या अवस्थेतला अपघात तर बहुतेक पॉलिसी स्वीकारतच नाहीत. खेळ चालवणाऱ्याकडे मेरीटाइम बोर्डाची परवानगी आणि विमा आहे का, हेही विचारावे. विचारण्यात संकोच कसला? माल घेताना आपण नमुना पाहतोच ना!

नोंद : आतिथ्याचा कायदेशीर भाग

या किनाऱ्याला सुरक्षेचा वेगळा इतिहास आहे. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटके श्रीवर्धनजवळ शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरवली गेली होती. १८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वरजवळ एक नौका किनाऱ्याला लागली आणि तीत एके-४७ रायफली सापडल्या. सारा जिल्हा हादरला. चौकशीअंती कळले, की ती एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची नौका होती. ओमानजवळ बिघडल्यावर खलाशांना दुसऱ्या जहाजाने वाचवले होते आणि रिकामी नौका वाहत इकडे आली होती. घातपात नव्हता, पण पोलिसांना सावध राहणे भागच आहे.

म्हणून परदेशी नागरिक हॉटेलात, होमस्टेत वा भाड्याच्या बंगल्यात उतरला, की त्याची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे कळवणे यजमानाचे कर्तव्य आहे. आजवर आपण याला 'सी फॉर्म' म्हणत आलो. १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन आणि परदेशी नागरिकविषयक नवा कायदा लागू झाला असून त्यातही ही जबाबदारी कायम आहे. घरगुती पाहुण्याच्या बाबतीतही स्थानिक पोलीस ठाण्यात विचारून घ्यावे. पाहुण्याजवळ उपग्रह-फोन वा उपग्रहावर चालणारे संदेशयंत्र असेल, तर ते विनापरवानगी भारतात वापरणे गुन्हा आहे. परदेशी गिर्यारोहक व नाविकांकडे ही यंत्रे सर्रास असतात, त्यामुळे हे आधीच कळवावे. ड्रोन उडवण्याचा मोहही टाळावा.

पैशांबाबत दोन शब्द. काशीद वा दिवेआगरसारख्या ठिकाणी एटीएमवर विसंबू नये. परकी चलन अधिकृत केंद्रातूनच बदलावे आणि पावती जपावी. उरलेले रुपये परत बदलताना ती उपयोगी पडते. परदेशी पाहुण्यांसाठी 'यूपीआय वन वर्ल्ड' ही पासपोर्ट-व्हिसावर मिळणारी सोय आहे. तिच्यामुळे लहान दुकानातही मोबाइलवरून पैसे देता येतात आणि खिशात मोठी रोकड बाळगावी लागत नाही. पासपोर्ट बंगल्यात कुलपात ठेवावा आणि त्याची प्रत बरोबर न्यावी. महिला पाहुण्यांनी रात्री एकट्याने सुनसान किनाऱ्यावर जाऊ नये, आणि कोणी छायाचित्रासाठी गळ घातली तर स्पष्ट नकार द्यावा, हे घरातल्या स्त्रियांनी त्यांना मोकळेपणाने सांगावे.

अपघात झाल्यास

प्रथम माणूस, मग कागद. पोलीस व सर्व आणीबाणीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, सागरी पोलिसांसाठी १०९३, समुद्रात संकट आल्यास तटरक्षक दलासाठी १५५४ आणि परदेशी पर्यटकांना अनेक भाषांत मदत करणारा १३६३, हे पाच क्रमांक बंगल्याच्या दारामागे लिहून ठेवावेत. जखमीला मदत करणाऱ्याला कायद्याने संरक्षण दिले आहे, त्यामुळे 'पोलिसांचे लचांड नको' म्हणून पाठ फिरवू नये. मे २०२५ पासून रस्ते अपघातातील जखमीला नियुक्त रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत विनारोकड उपचारांची केंद्राची योजना लागू आहे. गंभीर इजा असेल तर अलिबागच्या रुग्णालयात प्रथमोपचार करून नवी मुंबई वा मुंबईला हलवण्याची तयारी मनात ठेवावी. रात्री बोट नसते आणि रस्त्याला तीन तास सहज लागतात.

मग विमा कंपनीला शक्यतो २४ तासांत कळवावे. पोलिसांतील नोंद, पंचनामा, रुग्णालयाची मूळ बिले व औषधांच्या पावत्या जपाव्यात. पाहुण्याच्या देशाच्या वकिलातीला कळवावे. आणि घटनास्थळी कोणत्याही कोऱ्या कागदावर सही करू नये, 'आपसात मिटवू' म्हणून जखमीचे हक्क दडपू नयेत.

माझ्या मित्राने त्या रात्री एक गोष्ट उत्तम केली. कायदा काय सांगतो हे माहीत होण्यापूर्वीच तो पहाटे अलिबागला पोहोचला आणि प्रथम त्या भाजीवाल्याच्या खाटेशी गेला. शस्त्रक्रियेची व्यवस्था केली, घरी तीन महिने धान्य पोहोचवले. पुढे न्यायाधिकरणाचा निकाल लागला, कंपनीने रक्कम भरली आणि ती मित्राकडून वसूल केली. त्याबद्दल तो कधी कुरकुरला नाही. त्याला खंत होती ती वेगळीच. तो म्हणाला, "भाऊ, अनोळखी गिऱ्हाइकाला दहा हजारांची उधारी देताना मी चार ठिकाणी चौकशी करतो. आणि एका म्हाताऱ्याचा जीव जाऊ शकेल अशी वस्तू मी एका फोनवर देऊन टाकली."

आता त्याच्या बंगल्यात चाव्यांच्या फळीखाली एक छापील कागद चिकटवलेला आहे. परवाना, प्रवास-विमा आणि पासपोर्टची प्रत पाहिल्याशिवाय रखवालदार वाहनाची चावी काढत नाही. त्याच कागदावर त्या आठवड्याच्या भरती-ओहोटीच्या वेळा लिहिलेल्या असतात. जेवण सूर्यास्तापूर्वी होत असल्याने पाहुण्यांना अंधार पडण्याआधी परतायला सांगणेही सोपे जाते. सुरुवातीला पाहुण्यांना हे पाहून जरा नवल वाटते. मागच्या डिसेंबरात आलेल्या एका डच दांपत्याने मात्र त्या कागदाचे छायाचित्र काढून घेतले आणि पुढच्या मुक्कामी यजमानाला दाखवू म्हणाले.

त्या भाजीवाल्याची मांडी सांधली. थोडे लंगडत तो पुन्हा बाजाराला येतो. सायकल मात्र त्याने सोडली. माझा मित्र बंगल्यावर गेला, की आठवड्याची भाजी त्याच्याकडूनच घेतो.

वाचकहो, येत्या सुट्टीत आपल्याकडे परदेशी पाहुणे येणार असतील, तर निघण्यापूर्वी एकदा आपल्या वाहनाच्या विम्याची तारीख पाहा. ती पाहायला एक मिनिट लागेल.